झाड आपलं, बिया मात्र गावभर

गेल्या अंकात आम्ही एक छोटी टीप दिली होती, की काही शोभेची झाडं बागेत गप्प बसत नाहीत, बाहेर पडून रानात, नदीकाठाला, दुसऱ्याच्या शेतात पसरतात, तेव्हा लावण्याआधी चौकशी करा. त्यावर एवढे प्रश्न आले की हा सगळा कॉलम त्यालाच देतोय. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न: घरासमोर एक शोभेचं झाड लावलंय, बहरात पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडतं. नर्सरीत विचारूनच घेतलं होतं, ते म्हणाले ही जात वांझ आहे, फळ धरत नाही, कचरा होत नाही. आता शेजारच्या काकू म्हणतात हे झाड पसरतं, काढून टाका. जमीन माझी, झाड माझं, पाणी मी घालते, मग त्यांना काय अडचण आहे?

ताई, झाडाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या झाडाबद्दल नक्की काही बोलत नाही, पण "वांझ आहे, फळ धरत नाही" हे वाक्य वाचलं आणि अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड पेअरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना.

हे चीनकडचं, नासपतीच्या कुळातलं झाड. अमेरिकेत आधी आणलं ते नासपतीच्या बागांना एका रोगापासून वाचवायला, मुळाकडचा भाग म्हणजे खुंट म्हणून. पुढे त्यातलं एक झाड दिसायला फार देखणं निघालं, त्याला ब्रॅडफर्ड नाव दिलं आणि १९६३ च्या सुमारास सरकारी कृषी खात्यानेच ते शोभेचं झाड म्हणून बाजारात आणलं. प्रत्येक ब्रॅडफर्ड म्हणजे त्याच एका झाडाचं कलम. या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, आणि सगळीच झाडं एकाची कलमं असल्यामुळे शेजारच्या ब्रॅडफर्डचाही चालत नाही, म्हणून फळ नाही. म्हणजे नर्सरीवाले खोटं बोलत नव्हते.

पण झालं काय, की ब्रॅडफर्डच्या फांद्या खोडाला अगदी चिकटून वर जातात, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांनी वादळात झाड मधोमध फाटायला लागलं. मग त्याच जातीची दुसरी, जास्त मजबूत वाणं आली. एका घरासमोर ब्रॅडफर्ड, चार घरं सोडून दुसरं वाण, मधमाशा दोन्हीकडे जाणार, आणि दोघांचा पराग एकमेकांना चालतो! झाली फळं सुरू. कुठे कुठे कलमाखालचा खुंटच फुटला, त्याला फुलं आली, तेही परागाला पुरलं. ती बारकी फळं साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग पक्षी खातात आणि बिया सगळीकडे टाकतात. त्यातून जी रोपं येतात ती बागेतल्या झाडासारखी सोज्वळ नसतात, त्यांना असे टणक काटे येतात की ट्रॅक्टरचं टायर पंक्चर व्हावं, आणि पडीक रान दिसलं की त्याची दाट जाळी करून टाकतात.

यात चूक कुणा एकाची दाखवता येत नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येकाने आपापल्या अंगणात एकच, वांझ, निरुपद्रवी झाड लावलं होतं, उपद्रव तयार झाला तो तुमचं आणि शेजाऱ्याचं झाड मिळून. शेवटी ओहायो राज्याने नर्सऱ्यांना पाच वर्षांची मुदत देऊन जानेवारी २०२३ पासून त्याची विक्री आणि लागवड बंद केली, साउथ कॅरोलायनात ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाली. काही ठिकाणी तर तुम्ही तुमचं झाड तोडल्याचा फोटो दाखवा आणि बदल्यात तिथल्या मूळच्या झाडाचं रोप फुकट घेऊन जा, अशी योजना चालते.

तेव्हा जमीन तुमची हे अगदी मान्य, पण परागकण, पक्षी आणि वारा यांना कंपाउंड कळत नाही. तुमचा हक्क कुंपणापाशी संपतो, झाडाची जबाबदारी मात्र त्याच्या बिया जिथवर जातात तिथवर जाते असं मी मानतो. काकूंवर रागावू नका. त्यांना एवढंच विचारा की तुम्हाला कुठे रोपं दिसली का, दाखवा. त्यांच्या कुंड्यांत, गटाराच्या कडेला, भिंतीच्या फटीत जर याच पानाची पिल्लं उगवलेली दिसली तर "वांझ"चा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

प्रश्न: म्हणजे परदेशी झाड म्हटलं की वाईटच का? मग अर्ध्या बागा उपटाव्या लागतील.

नाही हो, अजिबात नाही. संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या आयपीबीईएस या शास्त्रीय मंचाचा २०२३ चा अहवाल सांगतो की माणसाने एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेलेल्या जाती जगभरात ३७,००० च्या वर आहेत आणि त्यातल्या साधारण ३,५०० घातक ठरल्यात. म्हणजे बहुतेक पाहुणे नीट राहतात. पण जे नीट राहत नाहीत त्यांचा हिशेब फार मोठा आहे, जगात ज्या प्राणी-वनस्पती नामशेष झाल्याची नोंद आहे त्यातल्या ६० टक्क्यांमध्ये या आक्रमक जातींचा हात आहे, एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने.

अडचण अशी की कोण बिघडणार हे लवकर कळत नाही. जर्मनीत ब्रँडनबुर्ग भागात बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांचा अभ्यास झालाय, १९९५ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की आणल्यापासून पसरायला लागेपर्यंत झुडपांना सरासरी १३१ वर्षं लागली आणि झाडांना १७०! म्हणून "आमच्या आजोबांनी लावलंय, काही झालं नाही" याला पुरावा म्हणता येत नाही. त्या झाडाला अजून जोडीदार, पक्षी किंवा हवा जुळून आली नसेल एवढंच.

प्रश्न: आमच्याकडे पिचकारीचं झाड आहे, वर लालभडक फुलं, पक्षी येतात, किडे येतात, सावली आहे. यात निसर्गाला फायदाच होतोय की! मग विरोध कशाला?

पिचकारी, म्हणजे आफ्रिकन ट्यूलिप, शास्त्रीय नाव स्पॅथोडिया. लहानपणी ज्याने त्याची कळी दाबून दुसऱ्याच्या तोंडावर पाणी उडवलंय त्याला या झाडाबद्दल वाईट बोललेलं आवडणार नाही हे मला माहितीये. पण एकदा त्याची वाळलेली शेंग उघडून बघा. होडीच्या आकाराची असते, दोन बोटांनी अलगद उकलली की आत पातळ, पारदर्शक पंखांच्या बियांच्या चळती लागलेल्या दिसतात, सेलोफेनचे तुकडे रचून ठेवावेत तशा. एक चिमूट उचलून तळहातावर घ्या आणि नुसता श्वास सोडा. गेल्या! एका शेंगेत अशा शेकड्याने बिया, आणि झाड उंच, म्हणजे वाऱ्याला आयतंच मिळालं. शिवाय मुळांतूनही फुटतं, तोडलेल्या खुंटातूनही फुटतं. मूळ आफ्रिकेतलं हे झाड शोभेसाठी उष्ण प्रदेशात सगळीकडे नेलं आणि हवाई, फिजी, पोर्तो रिको अशा बेटांवर सोडलेली शेतं आणि जंगलाच्या कडा त्याने भरून टाकल्या. जगातल्या १०० सगळ्यात उपद्रवी आक्रमक जातींची एक यादी आहे, तिच्यात हे आहे. त्याच्या फुलांत मधमाशीच्या कुळातले किडे मरून पडलेले सापडतात अशाही नोंदी आहेत.

आता फायद्याचं. फुलावर पक्षी दिसतात म्हणून झाड निसर्गाला उपयोगी, असा आपला सगळ्यांचा समज असतो. पण पक्ष्याला मध पुरत नाही. पिल्लांना मऊ अळ्या लागतात, आणि अळ्या कुठल्याही पानावर होत नाहीत, त्यांचं त्या त्या प्रदेशातल्या झाडांशी हजारो वर्षांचं जमलेलं असतं, नव्या झाडाचा चीक, त्यातली रसायनं त्यांना पचत नाहीत. अमेरिकेतला चिकडी नावाचा चिमणीपेक्षाही लहान पक्षी, त्याची एक वीण मोठी व्हायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. वॉशिंग्टन शहराच्या आसपासच्या बागांमध्ये याच पक्ष्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की बागेतल्या हिरवाईत बाहेरच्या झाडांचा वाटा ३० टक्क्यांच्या आत असेल तरच तिथली चिकडींची संख्या टिकते, त्यापुढे पिल्लं पुरेशी जगत नाहीत. बाग तेवढीच हिरवीगार दिसते. पक्षीही येताना दिसतात. पण ते बाहेरून येतात, तिथे वाढत नाहीत.

आणि एकदा जंगलात शिरल्यावर काय होतं त्याचं सगळ्यात दुखरं उदाहरण ताहिती बेटाचं. १९३७ मध्ये तिथल्या एका वनस्पती बागेत मायकोनिया नावाचं झाड आणलं, कशासाठी तर पानांसाठी, जवळजवळ हातभर मोठी पानं, वरून गर्द हिरवी आणि खालून जांभळी, खरोखर सुंदर. आज बेटाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग त्याने व्यापलाय. त्या मोठ्या पानांखाली जमिनीवर उजेडच पोचत नाही, त्यामुळे खालची झुडपं मरतात, आणि त्याची स्वतःची मुळं उथळ, म्हणून डोंगरउतारावर पावसात दरडी सुटतात. जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या तिथल्या कितीतरी वनस्पती यामुळे संपायच्या वाटेवर आहेत. हे सगळं एका बागेतून, एका हौसेतून.

प्रश्न: त्रास माझ्या बाजूने नाही, शेजाऱ्याच्या बाजूने आहे. त्यांच्या झाडाच्या फांद्या आमच्या छतावर, रोपं आमच्या वाफ्यात, मुळं पाइपात. दोनदा बोललो, ऐकत नाहीत. बुंध्यात काहीतरी ओतून झाड मारून टाकलं तर?

दादा, ते करू नका. एक तर तो गुन्हा ठरू शकतो, दुसरं म्हणजे असं मेलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं आणि एखाद्या दिवशी तुमच्याच छतावर येतं, आणि तिसरं, ते औषध जमिनीतून किंवा एकमेकांना जोडलेल्या मुळांतून तुमच्या चांगल्या झाडांपर्यंतही जाऊ शकतं.

कायदा देशागणिक, शहरागणिक वेगळा, त्यामुळे स्थानिक कार्यालयात विचारल्याशिवाय कोयता उचलायचा नाही, बऱ्याच शहरांत स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलासुद्धा परवानगी लागते. पण न्यायालयांचा कल कुठे आहे ते सांगतो. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकापासून नियम पक्का आहे की शेजाऱ्याची फांदी तुमच्या हद्दीत आली तर तुम्ही हद्दीपर्यंत ती छाटू शकता, हद्दीपलीकडे हात घालायचा नाही, आणि नंतरच्या एका निकालानुसार छाटलेल्या फांदीवरची फळं झाडाच्या मालकाचीच. हे झालं फांद्यांचं. पसरणाऱ्या वनस्पतीबद्दल २०१८ चा एक निकाल बघण्यासारखा आहे. जपानी नॉटवीड हे झाड नव्हे, झुडूपवजा वनस्पती, पण गोष्ट तीच, शोभेची म्हणून युरोपात आणलेली, १८४७ मध्ये नेदरलँड्समध्ये तिला सुवर्णपदक मिळालं होतं. वेल्समध्ये एका रेल्वे कंपनीच्या जमिनीतून तिची मुळं शेजारच्या घरांच्या आवारात शिरली. अजून भिंत तडकलेली नव्हती, तरी अपील न्यायालय म्हणालं की मुळं आत असणं हाच उपद्रव, कारण त्यामुळे घरमालकाला आपली जमीन मनासारखी वापरता येत नाही. नुकसान होईपर्यंत थांबायची गरज नाही.

तरी पण कोर्टाची पायरी शेवटची. तुम्ही "दोनदा बोललो" लिहिलंय, ते कसं बोललात त्यावर बरंच आहे. "तुमच्या झाडाने वैताग आणलाय" असं म्हटलं की समोरचा झाडाची बाजू घेणारच, त्याने ते हौसेने लावलंय, वाढवलंय. त्याऐवजी वाफ्यातून उपटलेली चार-पाच रोपं मुळासकट हातात घेऊन जा, म्हणा, काका, ही तुमच्या झाडाची पिल्लं, दर पावसानंतर एवढी निघतात, आपण काय करूया? झाड लगेच तोडायची मागणीही नको. फुलं गळाली की शेंगा सुटायच्या आत छाटणी, तुमच्या बाजूच्या फांद्या कमी करणं, खर्च निम्मा निम्मा, एवढ्यावर बहुतेक लोक तयार होतात. तोपर्यंत रोपं लहान असतानाच, जमीन ओली असताना, मुळासकट उपटत राहा. वीतभर असताना दोन बोटांनी निघतं, एक हंगाम गेला की कुदळ लागते.

प्रश्न: आम्हाला पटलं आणि झाड तोडलंही. पण महिन्याभरात खुंटातून आणि आजूबाजूच्या जमिनीतून असंख्य फुटवे आले, आधीपेक्षा वाईट परिस्थिती झालीय. आता?

हे फार जणांचं होतं. नुसतं तोडणं म्हणजे काही झाडांना उलट चेतवणं. ट्री ऑफ हेवन म्हणून चिनी झाड आहे, आपल्या महारुखाचं भावंड. १७८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बागेत ते हौसेने आणलं, कुठल्याही मातीत येतं, धूर सोसतं, सावली देतं, म्हणून शहराशहरांत लावलं. एक मोठं मादी झाड वर्षाला तीन लाखांच्या वर बिया टाकू शकतं आणि मुळांतून असं द्रव्य सोडतं की शेजारी दुसरं रोप रुजायला त्रास होतो. तोडलं की मुळं सगळीकडून धुमारे काढतात. वर आणखी, २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा रस शोषणारा किडा सापडला, त्याचं सगळ्यात आवडतं झाड हेच, आणि तिथून तो द्राक्षबागांवर जातो. बागेतल्या शोभेचा भुर्दंड द्राक्षवाल्याला, बघा. युरोपियन युनियनने २०१९ मध्ये हे झाड बंदीच्या यादीत घातलं.

याच्यावर तिथले लोक शिकलेत ते असं, की आधी तोडायचं नाही. झाड ज्या काळात अन्न पानांतून खाली मुळांकडे पाठवत असतं, थंड प्रदेशात उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पानं रंग बदलेपर्यंत, तेव्हा बुंध्यावर तिरक्या खाचा पाडून त्यात मोजकं तणनाशक सोडायचं, ते मुळापर्यंत जाऊ द्यायचं, महिनाभर थांबायचं, मगच कुऱ्हाड. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, औषध किती, कुठलं, तिथे ते वापरायला परवानगी आहे का, हे सगळं बघावं लागतं. नुसती साल सोलून कडं पाडायचा उपाय सगळ्या झाडांवर चालत नाही. केरळात वायनाडच्या जंगलात सेना स्पेक्टॅबिलिस हे पिवळ्या फुलांचं अमेरिकेकडचं झाड वन खात्यानेच सावलीसाठी लावलं होतं, ते हत्तींच्या चराईच्या जागा गिळत सुटलं, साल काढूनही खालून फुटत राहिलं, आणि आता तिथे ते मुळासकट काढायचं काम चाललंय.

तुमचं तोडून झालंच आहे, तर आता फुटवे येतील तसे लगेच, कोवळे असतानाच काढत राहा, एकही हिरवं पान टिकू द्यायचं नाही, म्हणजे मुळातला साठा संपतो. याला दोन-तीन वर्षं जातात, धीर सोडू नका. शेंगा आणि बिया कंपोस्टमध्ये टाकू नका, बंद पिशवीत भरून घनकचऱ्याकडे द्या. आणि ती जागा मोकळी ठेवू नका, उजेड मिळाला की मातीत पडलेलं जुनं बी उठतं, म्हणून लगेच तुमच्या भागातलं मूळचं काहीतरी दाट लावून टाका. एक सगळ्यांसाठीच, झाड पाडायच्या आधी घरटं आहे का बघा. पिल्लं उडेपर्यंत महिना-दीड महिना थांबलात तर काही बिघडत नाही, फक्त शेंगा तेवढ्या काढून घ्या.

प्रश्न: नवीन झाड घेताना ओळखायचं कसं? नर्सरीत तर सगळंच छान म्हणून सांगतात.

शास्त्रीय नाव मागा, मिळालं नाही तर घेऊ नका. बाजारातली नावं नर्सरीगणिक बदलतात, त्यांच्यावर काही शोधता येत नाही. नाव मिळालं की तुमच्यासारखी हवा असलेल्या दुसऱ्या कुठल्या देशात ते पसरलंय का एवढंच शोधा, पुढे काय होणार याचा याहून चांगला अंदाज नाही. आणि जाहिरातीत जे गुण म्हणून लिहिलेलं असतं ते जरा थांबून वाचा: झपाट्याने वाढतं, पाणी लागत नाही, कुठल्याही मातीत येतं, गुरं तोंड लावत नाहीत, कीड पडत नाही. आक्रमक झाडाचं वर्णन करायला सांगितलं तर मी हेच लिहीन.

प्रश्न: आमच्या ग्रुपतर्फे आम्ही बिया गोळा करून सीड बॉल, म्हणजे आत बी असलेले मातीचे गोळे, बनवतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर टेकड्यांवर टाकतो. गुलाबी, पिवळी, जांभळी, जी सुंदर झाडं दिसतील त्यांच्या बिया घेतो. हे तरी चालेल ना?

तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण या पद्धतीने नका करू. बागेत एक झाड लावलं तर निदान ते कुठे आहे हे माहीत असतं, नको झालं तर काढता येतं. टेकडीवर फेकलेलं बी कुठे रुजलं ते तुम्हालाही सापडणार नाही, आणि जे बी अशा फेकाफेकीतही जगून दाखवतं ते बहुतेक वेळा पसरणाऱ्यातलंच असतं. शिवाय टेकडी रिकामी दिसते म्हणून ती रिकामी असते असं नाही, गवताळ माळ हेही कित्येक पक्ष्यांचं आणि प्राण्यांचं घरच आहे, तिथे झाडंच नको असतात. या वर्षी असं करा: त्या टेकडीवर आधीपासून आपोआप वाढलेली झाडं कुठली आहेत ते एखाद्या वनस्पती शिकवणाऱ्या प्राध्यापकांना सोबत नेऊन बघा, बी फक्त त्यांचंच आणि तिथलंच घ्या, रोपं पिशवीत वाढवा, प्रत्येक पिशवीवर नाव लिहा. ज्यांचं नाव सांगता आलं नाही त्या बिया जमा केलेल्या असतील तर त्या कुणाला वाटू नका, उकळत्या पाण्यात टाकून मग फेका.